रंभाला, शाळेच्या पत्त्यावर

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१९ जानेवारी २०२५, रविवार

रंभा,

हे पत्र मोठ्या अक्षरात लिहिते आहे. घाईत वाचू नकोस. आपल्या संध्याकाळच्या वर्गात वाचायचीस तसं बोट ठेवून वाच. तू खिचडी शिजवायच्या कामाला लागलीस तेव्हा फोनवर शाळेचं नाव सांगितलं होतंस, म्हणून तिथे पाठवते आहे. घरच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर तुझ्या दिराच्या हाती पडलं असतं. पाकिटावर चर्चचं, आपल्या मंडळीचं, नाव घातलेलं नाही. पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम सलाम' लिहायची आमच्या ख्रिस्ती लोकांची रीत, तीही मोडली. कुणी उघडून पाहिलं तर तुला त्रास नको.

अंकू जेवते का?

गुरुवारी सगळं इतक्या घाईत झालं की सांगायचं राहूनच गेलं. तिला वांगं चालत नाही, अंगावर पित्त उठतं. ताप यायचा असला की आधी तिचे पाय गार पडतात, तेव्हाच ओळखायचं. झोपताना तिला कुणाच्या तरी कानाची पाळी धरायला लागते. तुझी धरू दे. पहिले काही दिवस ती मला शोधेल. तिला मारू नकोस. दीड वर्षाची होती तेव्हा अशीच तुला शोधायची, घरभर फिरून पलंगाखाली वाकून बघायची.

ती तुला ओळखत नाही असं मनात आणू नकोस. वर्गात पाटी घेऊन बसलेली असताना काढलेला तुझा फोटो तिच्या उशाशी भिंतीवर लावला होता. रोज सकाळी ती त्याला सांगायची, "आई, मी उठले." मी मावशी, आमचे हे अविनाश काका, आणि फोटोतली आई. यात तिचा कधीच घोटाळा झाला नाही, मी होऊ दिला नाही.

तुझं लेकरू आहे, तू नेणार हे मला माहीत होतं. दिवाळीनंतर येते म्हणालीस तेव्हापासून मी तिला तेच सांगत होते. नवा फ्रॉकही शिवून ठेवला होता. तो पिशवीत घालायचा राहिला, कारण तुझ्याबरोबर आलेले लोक मोबाइलवर शूटिंग करत होते.

मात्र तू एकटी येणार होतीस ना? मग दीर, गावची ती माणसं, पोलीस, हे कशासाठी? हवालदार नीट बोलला. त्याने तुला विचारलं, "बाई, पोरगी तुम्ही स्वतः ठेवली होती का?" तू खाली बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिलीस. पाळणाघरात दुपारची झोपलेली सगळी लेकरं उठून रडायला लागली होती. त्या गोंगाटात तुला त्याचा प्रश्न ऐकू आला नसेल.

आनंदा, तुझा दीर, पोर बाटवली म्हणून ओरडत होता. तू इतके महिने आमच्यात वावरलीस, तुला तर ठाऊक आहे. आम्ही बॅप्टिस्ट लोक लेकरांना बाप्तिस्मा देतच नाही. आमच्या पोटच्या लेकरांनाही नाही. माणूस मोठा झाला, त्याला कळायला लागलं आणि त्याने स्वतः मागितला, तरच. माझा अठराव्या वर्षी झाला. अंकूचं काहीही बदललेलं नाही. तू दिलीस तशीच ती परत आली आहे, फक्त उंच झाली आहे.

तुझी बाई,
सुमती

१६ फेब्रुवारी २०२५

रंभा,

तुझं उत्तर आलं नाही. एक ओळ पुरे. 'अंकू बरी आहे' एवढंच. वेलांटी चुकली तरी चालेल.

इथे सगळं ठीक आहे. काकाही बरे आहेत. पाळणाघरात मुलं थोडी कमी झाली आहेत. त्या दिवशीचं शूटिंग कुणीतरी सगळीकडे पाठवलं, ते कळंबोलीच्या बायकांपर्यंत गेलं. दोघीतिघींचे नवरे आले आणि मुलं घेऊन गेले.

मागच्या आठवड्यात सरकारी ऑफिसातून एक बाई आणि एक साहेब चौकशीला आले होते. कुणीतरी अर्ज केला आहे की मंडळीने आईला न विचारता मुलगी डांबून ठेवली. मी त्यांना बसवलं, चहा दिला आणि झालं तसं सांगितलं. रंभा ट्रक टर्मिनलमागच्या खानावळीत पोळ्या लाटायची. तिचा नवरा निकेश ट्रेलरवर क्लीनर होता. मुलीला ती सकाळी आमच्याकडे सोडायची आणि संध्याकाळी न्यायची. एक दिवस निरोप आला की गुजरातच्या रस्त्यावर निकेशच्या पायावर लोखंड पडलं. ती पिठाच्या हातांनी धावत आली, म्हणाली, आठ दिवस ठेवा बाई. मी म्हटलं, जा तू, इथली काळजी करू नकोस. पुढे त्याचा पाय कापावा लागला, त्याला गावी न्यावं लागलं. तो अंथरुणावरून उठलाच नाही. ती फोन करायची. मग फोन बंद पडायचा, मग दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवरून यायचा. निकेश गेला तेही तिने शाळेच्या मास्तरांच्या फोनवरून कळवलं.

साहेब म्हणाले, दुसऱ्याचं मूल इतकी वर्षं ठेवायचं तर कळवायला हवं होतं. मी म्हटलं, तिची आई फोन करत होती, मग कळवायचं कुणाला आणि काय, हे आम्हाला सुचलं नाही. त्या बाईंनी विचारलं, याला पुरावा काय? मी म्हटलं, तिची आई आहे ना. तिला विचारा.

म्हणून लिहिते आहे. कुणी विचारायला आलं तर झालं ते सांग. घाबरू नकोस.

तुझी बाई,
सुमती

काका बरे आहेत असं वर लिहिलं, ते खरं नाही. अंकूला ते संध्याकाळी स्कूटरवर पुढे उभं करून एक्स्प्रेसवेजवळ ट्रेलर दाखवायला न्यायचे. अजूनही रोज त्याच वेळी जातात. एकटेच उभे राहतात आणि अंधार पडला की येतात.

२१ एप्रिल २०२५

रंभा,

काल ईस्टर झाला. पहाटे आम्ही सगळे आपट्याला नदीवर गेलो होतो. तिघांचा बाप्तिस्मा होता. या वर्षी मंडळीला चाळीस वर्षं झाली, म्हणून उपासनेनंतर सत्यजीत पास्तरांनी मला उभं केलं. म्हणाले, सुमतीबाई, जुनी माणसं आता फार उरली नाहीत, आपल्या मंडळीचा इतिहास तुम्ही सांगा.

तुला हा कधी सांगितला नव्हता. तुझ्यामागे पोळ्यांची घाई असायची.

मी सांगितलं की सिडकोच्या एका दोन खोल्यांच्या घरात आपली मंडळी सुरू झाली. नगर, जालना, सोलापूर इथून तळोज्याच्या आणि रसायनीच्या कंपन्यांत कामाला आलेली कुटुंबं. पेटी नव्हती, स्टीलच्या डब्यावर ताल धरून गाणी म्हणायचो. रेचलबाई आमच्यात मोठ्या. कळंबोलीला लोखंडाचा बाजार भरायला लागला होता. एकदा त्या तिथून चालत येत होत्या. उभ्या ट्रेलरखाली सावलीत एक मूल होतं. त्याच्या पायाला दोरी बांधून दुसरं टोक चाकाला बांधलं होतं. आई पलीकडे लोखंडाचा चुरा वेचत होती. रेचलबाईंनी तिला विचारलं, संध्याकाळपर्यंत मी सांभाळू का? त्या बाईने आधी त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि दोरी सोडली.

तेच आपल्या पाळणाघराचं पहिलं मूल. ठराव नाही, मीटिंग नाही. दुसऱ्या दिवशी तिघी बायका दाराशी उभ्या. कमिटीतले लोक चिडले होते, कारण उपासनेच्या खोलीत दुपटी वाळत पडायची. रेचलबाई त्यांना म्हणाल्या, "रविवारी काढून ठेवीन. बाकीचे सहा दिवस तुम्ही तरी कुठे इथे असता?" मग शेजारच्या दाजी पाटलांनी आपली मागची खोली दिली. भाडं विचारलं तर म्हणाले, "भाडा नको मना. पोरांचा आवाज येतो ना, मना बरा वाटतं." दाजींची ती खोली अजून तशीच आहे. रेचलबाई थकल्या तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. पुढे आम्ही आयांसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू केला. मुलं न्यायला यायचं आणि थोडा वेळ पाटी घेऊन बसायचं.

इथपर्यंत मी नीट बोलले. मग मला सांगायचं होतं की त्या वर्गात एक रंभा होती, तिने एका पावसाळ्यात स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव आणि मुलीचं नाव लिहायला शिकून घेतलं. पण मुलीचं नाव तोंडात आलं आणि मला पुढे बोलता येईना. मग पास्तरांनी गीत सुरू केलं आणि मी खाली बसले.

मागच्या ईस्टरला अंकू आमच्याबरोबर नदीवर होती. लोक पांढऱ्या कपड्यांत पाण्यात जाताना बघून तिने हट्ट धरला होता, मलाही जायचंय. मी तिला सांगितलं, मोठी हो, आईला विचार, मग ठरव. ती काठावर बसून पाण्यात पाय हलवत राहिली. तेवढंच काय ते.

तुझी बाई,
सुमती

२ जून २०२५

रंभा,

आज स्पष्टच लिहिते.

नोटीस आली आहे. अंकूला तू स्वखुशीने ठेवलं होतंस, असं तुझ्या हातचं लिहून आणून द्यायचं. नाहीतर पाळणाघर बंद करायचं. परवानगीचे इतर कागद पास्तरांनी फिरफिरून गोळा केले आहेत. अडलं आहे ते एवढ्यावरच.

काल कमिटी बसली होती. एक जण म्हणाले, आपण चांगलं करायला गेलो आणि चाळीस वर्षांच्या मंडळीच्या तोंडाला काळं लागलं. दुसरे म्हणाले, सुमतीबाईंनी जीव लावला, ते चुकलं. पास्तरांनी त्यांना थांबवलं, पण बोलून गेलं ते गेलंच. दाजी आपणहून मीटिंगला आले होते, पाळणाघराच्या खोलीचे मालक म्हणून. त्यांना आता नीट दिसत नाही, काठी टेकत आले. म्हणाले, "आमी सांगू ना सायबाला. या बाईनी काय वाईट केला नाय." साहेबांना त्यांचं नको आहे, तुझं हवं आहे.

मला राग आला आहे, रंभा. आजवर कुणाला बोलले नाही, तुलाच लिहिते. मी तुझ्या मुलीला गोवर निघाला तेव्हा रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसले. पहिला दात पडला तो दाखवायला ती फोटोसमोर गेली, आणि मी आत जाऊन रडून आले, की हे तू बघायला हवं होतंस. बाजारातून जाताना आता बायका माझ्याकडे बघून मुलांचा हात घट्ट धरतात. मी चोर आहे का? तू तरी सांग.

मी दोन ओळी मागते आहे. 'मी माझी मुलगी सुमतीबाईंकडे माझ्या मर्जीने ठेवली होती.' खाली तुझं नाव. हे सगळे शब्द तुला येतात. मीच शिकवले आहेत.

सुमती

२५ ऑगस्ट २०२५

रंभा,

काका तुझ्याकडे येऊन गेले, हे मला नंतर कळलं. मला त्यांनी रसायनीचे जुने मित्र आजारी आहेत म्हणून सांगितलं होतं. परत आले ते दोन दिवस जेवायला वाढलं की पान पुढे सरकवायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता त्यांनी सगळं सांगितलं. ते मला नीट समजलं का, हे तू पडताळून बघ, म्हणून लिहिते.

ते शाळेत आले तेव्हा तू पातेल्यात खिचडी हलवत होतीस. त्यांना बघून तुझ्या हातातला झारा खाली पडला. तू त्यांना शाळेच्या मागे नेलंस, पाणी दिलंस, आणि त्यांनी विचारायच्या आत रडायला लागलीस. माझी पत्रं तुला मिळाली. तू ती बोट ठेवून वाचलीस आणि त्याच चुलीत घातलीस. ठीक केलंस. घरी न्यायची सोय नव्हती.

मग तू म्हणालीस, "काका, घरात मी सांगितलं व्हतं, पोरगी माझ्या बहिणीकडं हाय म्हून. त्यांना खरं कळलं तवा म्हनले, लेकरू टाकून आलीस? असली बाई घरात कशाला? मी भ्याले. म्हनले, मी टाकलं न्हाई, पाळनाघरवालेच देत न्हवते."

काका म्हणाले, हे ऐकताना त्यांना तुझा राग आला नाही. तू इतकी वाळली आहेस की तुझ्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जातात, असं ते म्हणाले. मला मात्र राग आला. चहाचा कप तसाच ठेवून मी आत गेले. इतके महिने मी म्हणत होते की तुला तो प्रश्न ऐकू आला नसेल. तुला ऐकू आला होता. उत्तर तू आधीच देऊन बसली होतीस.

काकांनी तुझ्याकडे त्या दोन ओळी मागितल्या. तू म्हणालीस, लिहून दिलं तर मला घराबाहेर काढतील आणि पोरगी ठेवून घेतील. काका म्हणाले, खरं आहे, तसंच होईल. आणि त्यांनी खिशातला कागद बाहेर काढलाच नाही.

तेवढ्यात मधली सुट्टी झाली. अंकू ताटली घेऊन आली. काका म्हणतात, तिचे केस कापले आहेस, दोन दात पडले आहेत. ती धावत आली नाही. खांबाला धरून उभी राहिली आणि काकांच्या मागे बघत राहिली, अजून कुणी आहे का म्हणून. कुणी नाही असं दिसल्यावर तिने विचारलं, "काका, तुमी मावशीला देवाघरी सोडून आलात का?"

काकांना काही कळेना. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू तोंडात पदर धरला होतास. तेव्हा त्यांना समजलं, तू तिला काय सांगितलंस.

ते मला म्हणाले, "मी हो म्हणालो, सुमती. दुसरं काय म्हणणार होतो?"

मग तिने विचारलं, तिथं लेकरं हायेत का. काका म्हणाले, खूप आहेत. ती म्हणाली, मग बरं हाय. आणि ताटली घेऊन रांगेत जाऊन बसली.

त्या दिवशी संध्याकाळी बॅग भरली. मी ठरवलं होतं की रात्रीच्या गाडीने जालन्याला जायचं, तिथून एस.टी. पकडायची, शाळेच्या दारात उभं राहायचं, आणि म्हणायचं, अंकू, ही बघ मी, मला काहीही झालेलं नाही. काकांनी मला अडवलं नाही. फक्त विचारलं, "आणि मग परत येताना तिला काय सांगशील?"

मी पलंगावर बसले. मग बॅग रिकामी केली.

अंकू रात्री उठून रडायची, जेवायची नाही, दाराकडे बघत बसायची, हेही तू काकांना सांगितलंस. मावशी येणार आहे असं सांगितलं की आणखी रडायची. शेवटी तुला हे एकच सुचलं, आणि त्यानंतर ती चार दिवस रडली आणि थांबली. मला याचा राग यावा असं मी पुष्कळ ठरवून बघितलं. ती दीड वर्षाची असताना मला रोज खोटं बोलायला लागायचं, आई उद्या येणार. तुझं खोटं निदान रोज सांगावं लागत नाही.

रविवारी मी सत्यजीत पास्तरांना सांगितलं की आईचं लिहून मिळणार नाही, आणि मी ते पुन्हा मागणार नाही. का, ते त्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि माझ्यासाठी प्रार्थना करावी की तुझ्यासाठी, हे त्यांना ठरवता येईना. मग म्हणाले, कमिटीला मी एवढंच सांगतो की कागद मिळाला नाही. तुझं नाव कुठे येणार नाही. पाळणाघर पहिल्या तारखेपासून बंद होईल. खोलीत मुलांसाठी अभ्यासिका करायची म्हणतात. दाजींना सांगायला मी स्वतः गेले. त्यांनी किल्ली हातात घेऊन चाचपली. मी उठल्यावर म्हणाले, "आता दुपारचा काय ऐकू येनार नाय मना."

ज्या बायका अजून मुलं सोडत होत्या त्यांना मी घरोघरी जाऊन सांगितलं. एकजण म्हणाली, बाहेरून कडी लावून जाईन, खिडकीतून पाणी द्यायला शेजारीण आहे.

तुला हे दुखवायला लिहीत नाही. तुला कळायला हवं, म्हणून लिहिते. तू केलंस ते चूक होतं. तुझ्या जागी मी असते आणि अंकू माझी असती, तर मीही काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. दोन्ही खरं आहे. मी दोन्ही घेऊन जगेन.

यापुढे मी लिहिणार नाही. तू तिला शिकवते आहेस, पुढच्या वर्षी तिला वाचता येईल. एखादं पत्र तिच्या हाती लागलं आणि खालचं नाव तिने वाचलं तर काय होईल? तेव्हा मी नाही, हेच राहू दे. हे पत्रही वाचून झालं की चुलीत घाल.

एक मात्र ध्यानात ठेव. आज ना उद्या ती तुला विचारेल, मावशी कशाने गेली. ती कुठलीही गोष्ट अर्धी सोडत नाही, शेवटपर्यंत विचारते. तापाने गेली म्हणून सांगू नकोस. तिला स्वतःला ताप आला की ती घाबरेल. गाडीखाली सापडली असंही सांगू नकोस, तिला मोठ्या गाड्या फार आवडतात.

झोपेत गेली म्हणून सांग. मावशीला काही दुखलं नाही, म्हणून सांग.